हवेचा स्क्रू

आमच्या ह्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे मला लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात कळलं. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सोयरीक जुळवताना ही गोष्ट कुणी काढली नव्हती, आणि आता काढायची म्हणजे कुणाला तरी खोटं पाडल्यासारखं झालं असतं. मी जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसायला लागले. घरात तेवढ्यावर भागत होतं.

मोटरसायकलवर भागत नव्हतं. साडी नेसून एका बाजूनं बसलं की बाईचं तोंड डावीकडं येतं, आणि डावीकडून बोललेलं ह्यांना पोचत नव्हतं. मी "थांबा, पिशवी पडली" म्हणायची आणि हे पुढं दोन शेतं जाऊन विचारायचे, "काही म्हणलीस का?" मग मी खांद्यावर थाप मारायची पद्धत काढली. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. ह्याबद्दलही आमचं कधी बोलणं झालं नाही.

मी शिरड शहापूरच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स होते. माझं माहेर पुसेगावजवळच्या तांड्यावरचं. हे डोंगराकडच्या एका तांड्याच्या शाळेवर मास्तर, गणित शिकवायचे. हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास आम्ही शंभर सीसीची लाल मोटरसायकल घेतली. उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत राहायचो. गाडीसाठी तिसरी खोली नव्हती म्हणून ती पुढच्या खोलीत असायची आणि आम्ही मागच्या.

दसऱ्यात हिंगोलीला प्रदर्शन भरतं. तिथं एका माणसानं पेट्रोल वाचवायचं यंत्र मांडलं होतं. माझ्या हातात बांगड्यांचा पुडा होता आणि पाळण्यात बसायचं राहिलं होतं. हे त्या माणसापुढं उभे राहिले ते तीन वेळा पूर्ण प्रयोग बघेपर्यंत हलले नाहीत. त्यानं गाडी मधल्या स्टँडवर लावून, मागचं चाक हवेत ठेवून, काचेच्या बाटलीतल्या पेट्रोलवर चालवून दाखवली. आधी यंत्राशिवाय, मग यंत्र लावून. चाक हवेत फिरत असलं की कुठलीही गाडी कमीच पिते, हे गणिताच्या मास्तरांच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यंत्र घेतलं. पाळणा राहिला.

यंत्र म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीची पितळी चकती. मधून आरपार भोक, आणि बाजूला एक छोटा स्क्रू. ती कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायची. स्क्रू उघडला की बाहेरची जादा हवा आत जाणार आणि गाडी तेवढ्याच पेट्रोलवर जास्त चालणार. सोबत हिंदीत छापलेला कागद होता. त्यात स्क्रू किती फिरवायचा याविषयी एकच वाक्य होतं: अपनी गाड़ी के अनुसार.

रविवारी ह्यांनी पुढच्या खोलीत बारदान अंथरलं आणि कार्बोरेटर उतरवला. चकतीच्या दोन्ही अंगाला लावायचं पॅकिंग कागदासोबत आलं नव्हतं. माझ्या लग्नातल्या शालूच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी दोन पॅकिंगं केली. खोकं विचारून घेतलं होतं, पण कापून झाल्यावर. चार वाजता सगळं परत बसलं आणि एक वॉशर उरला.

"हा कुठला?" मी विचारलं.

"जास्तीचा असंल," हे म्हणाले, आणि तो खिशात टाकला.

गाडी पहिल्याच किकला चालू झाली आणि इतकी ओरडली की लसीकरणाची गाडी आली समजून शेजारची शेळी दावं तोडून पळाली असं त्या घरची म्हातारी पुढं वर्षभर सांगायची. शेळीला लस आम्ही देत नव्हतो, पण म्हातारीला ते पटवणं कठीण होतं. हे खाली वाकून स्क्रू फिरवायला लागले. फिरवायचे, मान तिरपी करून उजवा कान इंजिनाजवळ न्यायचे, परत फिरवायचे. मी आत भाकरी थापत होते. तापलेल्या तव्याच्या आवाजावरही मला ऐकू येत होतं. ओरडणं कमी झालं, मग आवाज सपाट झाला, मग एका ठिकाणी अगदी एकसारखा लागला, आणि हे तिथं न थांबता पुढं गेले. गाडी धापा टाकायला लागली.

मी आतून ओरडले, "आता बराबर झाली होती! तुमी परत काहून फिरवली?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पिठाच्या हातानं बाहेर आले, त्यांच्या उजव्या बाजूनं गेले आणि पुन्हा सांगितलं.

"तुला कसं कळलं?"

"ऐकून."

दिवसातून पाच-सात पोटांवर नळी लावून लेकराचे ठोके मोजणं हे माझं काम होतं. आईचे ठोके वेगळे, लेकराचे वेगळे, आणि बाहेर कोंबड्या, रेडिओ, भांडणं. त्यातून हवा तो आवाज निवडायची सवय होते. इंजिन त्या मानानं सोपं होतं, ते एकटंच होतं. ह्यांनी मला पाटावर बसवलं. हे स्क्रू फिरवणार आणि मी हात वर करणार. त्या संध्याकाळी माप निघालं: स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडायचा.

पुढं एकदा हे म्हणाले, "तुझी ती नळी इंजिनाला लावून बघ की."

"ती लेकरांची हाय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर... नाही, गाडी घेऊन जायचे, तेव्हा तो रविवारच असणार. हे आंघोळीला गेल्यावर मी लावून बघितली. नळी ॲल्युमिनियमची होती आणि इंजिन तापलेलं. कान भाजला. मी नळी उकळून जागेवर ठेवली आणि दोन दिवस पदर डोक्यावरून घेतला.

आता अवरेज मोजायचं राहिलं. टाकीत किती पेट्रोल आहे ते नेमकं कळत नाही म्हणून ह्यांनी बाटलीचा उपाय काढला. शंभर मिली पेट्रोल बाटलीत भरायचं, टाकीची नळी काढून बाटलीची नळी कार्बोरेटरला जोडायची, आणि गाडी बंद पडेपर्यंत जायचं. मिलीच्या खुणा असलेली बाटली आमच्या घरात एकाच प्रकारची होती. वापरून टाकायला ठेवलेली सलाईनची बाटली आणि तिची नळी मी आणली. बाटली उंच धरावी लागते, आणि हे गाडी चालवणार, म्हणून धरायला मी. पहिल्यांदा तुलनेसाठी चकती काढून, यंत्राशिवाय मोजलं.

असं आम्ही दर रविवारी सकाळी निघायचो. पांढरी साडी नेसलेली नर्स मागं बसलेली, एक हात वर, हातात सलाईनची बाटली, नळी खाली गेलेली. बाटलीत पेट्रोल आणि खाली तापलेलं इंजिन. आता विचार केला की अंगावर काटा येतो, तेव्हा माझं लक्ष हात दुखतो याकडं असायचं.

पहिल्याच रविवारी औंढ्याच्या रस्त्यावर बैलगाडीवाल्या एका आजोबांनी बैल बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली आणि विचारलं, "बाई, कोनाला लावलंय?"

"गाडीला," मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे.

महिनाभरात ही बातमी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली. डॉक्टरसाहेबांनी मला मीटिंगनंतर थांबवलं.

"सिस्टर, तुम्ही रस्त्यानं पेशंट नेताना सलाईन लावता, असं लोक म्हणतायत. पेशंट कोण असतं, ते कुणालाच सांगता येत नाही."

मी खरं ते सांगितलं. बाटली रिकामी, टाकून द्यायची, हेही सांगितलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला.

"किती देते?" त्यांनी विचारलं.

"साडेसहा किलोमीटर, शंभर मिलीत."

"माझी स्कूटर चार पण देत नाही," ते म्हणाले. "पण बाटली बंद करा."

बाटली बंद केली नाही, रस्ता बदलला. ह्यांना आता आठ किलोमीटर गाठायचे होते. आठ का, ते त्यांनाच माहीत. त्यासाठी स्क्रू दर रविवारी थोडा थोडा उघडत होते. मी म्हणायची, आता ती धापते, आता ती कोरडी खोकते. हे म्हणायचे, "तुला वाटून राहिलं." कधी धूर बघायला मला शाळेच्या मैदानात पहिल्या-दुसऱ्या गियरवर गाडी फिरवायला लावायचे आणि स्वतः मागं मागं पळायचे. तेवढं मला चालवायला आलं. थांबवायला शिकवायचं राहिलं, कारण धूर बघून झाला की हेच गाडी धरायचे.

एका रविवारी सात भरले. त्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा केला.

मग उन्हाळा आला. एका शनिवारी, सकाळची शाळा सुटून हे घरी येऊन जेवायला बसले होते, तेव्हा डोंगरातल्या एका तांड्यावरून सायकलवर निरोप आला. पहिलटकरीण पहाटेपासून कळा देत होती आणि तिथली दाई म्हणत होती, नर्सबाईला बोलवा, लेकरू पुढं येऊन राहिलं न्हाई. मी पिशवी घेतली. ह्यांनी हात धुतले. एक वाजला असेल.

डोंगराच्या पायथ्यापर्यंत काही झालं नाही. चढ सुरू झाला तशी गाडी कोरडी खोकायला लागली. मी खांद्यावर थाप मारली. हे हळू झाले. गाडीनं दोन आचके दिले, मागून बंदुकीसारखा आवाज काढला आणि बंद पडली. ह्यांनी किका मारल्या. दहा, बारा, पंधरा. शर्ट अंगाला चिकटला.

"किती उघडलाय?" मी विचारलं.

ते किका मारतच राहिले. डोंगरावर वारा सुटला होता. मी उजव्या बाजूला गेले आणि परत विचारलं.

"तीन," ते म्हणाले. "सकाळी उघडला. उद्या मोजायचं होतं."

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, वाकले आणि फिरवायला लागले. किक मारायचे, गाडी क्षणभर धरायची, हे मान तिरपी करायचे आणि ऐकायचे. वाऱ्यात त्यांना काहीच कळत नव्हतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी हे फिरवत होते, कधी इकडं, कधी तिकडं, अंदाजानं. वर त्या पोरीचं काय चाललं असेल हे मला दिसत होतं, आणि खाली हे. लग्नाला सात वर्षं झाली होती. मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, कारण चढवलेला आवाज आणि साधा आवाज त्यांना वेगळा करता येणार नाही अशी मला भीती वाटायची.

"सरका," मी म्हणाले.

ते सरकले. मी स्क्रू पूर्ण आवळला, मोजून दीड फेरा उघडला, ओचा वर खोचला आणि किक मारली. तिसऱ्या किकला गाडी लागली. खडखडत होती, पण लागली. हे मागं बसले. गाडी दहा पावलं गेली आणि दम सोडायला लागली. इतकी तापलेली गाडी दोघांना घेऊन चढणार नव्हती, आणि आमच्यातलं कोण जायला पाहिजे याबद्दल शंका नव्हती.

"उतरा," मी म्हणाले, आणि ते उतरले.

मी पिशवी पुढं टाकीवर ठेवली, पहिला गियर टाकला आणि गेले. मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पडले असते. वाटेत एक चप्पल गेली. दुसरा गियर टाकायचा धीर झाला नाही. शेवटच्या वळणावरून तांडा दिसला, बायका अंगणात उभ्या दिसल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला थांबता येत नाही. मी कडब्याच्या गंजीत शिरले. गाडी आपोआप बंद पडली. बायकांनी मला कडब्यातून ओढून काढलं. एक म्हातारी म्हणाली, "चांगली जागा बघून थांबलीस." ती आमच्या बंजारा बोलीत म्हणाली, इथं मराठीत लिहिते.

पोरीच्या पोटाला नळी लावली. माझ्याच कानात वारा घुमत होता, पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. मी डोळे मिटून थांबले. मग ठोके सापडले. मंद होते, पण होते. पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, दाईला तिची पाठ चोळायला लावली आणि ठोके मोजत राहिले. ते हळूहळू वर आले. पाऊण तासानं मुलगी झाली. लगेच रडली नाही. तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या, आणि मग ती इतकी रडली की दाई म्हणाली, "बास, कळलं आमाला."

मी हात धुवून बाहेर आले तेव्हा हे चालत पोचले होते. तोंड उन्हानं लालभडक, हातात माझी चप्पल. अंगणाच्या कडेला उभे होते. बायकांचं घर, म्हणून पुढं आले नव्हते.

"झालं?"

"झालं. मुलगी. दोघी चांगल्या हाईत."

त्यांनी मान हलवली आणि चप्पल माझ्या पायाजवळ ठेवली. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, आणि चप्पल ठेवताना ते वाकले तरी तो राग तसाच्या तसा राहिला. मी पाणी प्यायले. ऊन उतरेपर्यंत थांबलो. मग मी गाडीवर बसले. ह्यांनी किल्ली मागितली नाही. मागं बसले.

निघताना ह्यांनी ब्रेक दाखवला होता, उतारावर मी त्यावर पाय ठेवूनच होते. अर्ध्या वाटेवर हे मागून म्हणाले, "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

माझे दोन्ही कान चांगले होते, मला ऐकू आलं. उत्तर द्यायचं तर पुढून मागं, वाऱ्यात, ते त्यांना पोचणार नव्हतं. त्यासाठी गाडी थांबवायला पाहिजे होती, आणि उतारावर गाडी थांबवून धरणं मला जमणार नव्हतं. त्यामुळं मी पायथ्यापर्यंत काही बोलले नाही. मागं ते काय समजले असतील ते समजले. सपाटीला आल्यावर मी क्लच न दाबता ब्रेक मारला, गाडी हिसका देऊन बंद पडली, आणि मी वळून त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"कवापासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"मग बोलली काहून न्हाई?"

"तुमी काहून न्हाई बोलले?"

"मला वाटलं, तुला परत घेऊन जातील," ते म्हणाले.

हे मला कधी सुचलंच नव्हतं. सात वर्षं हा माणूस माझं माहेर मला घेऊन जाईल म्हणून मान तिरपी करून ऐकत होता, आणि मी त्याला वाईट वाटू नये म्हणून उजवीकडं बसत होते. राग गेला असं नाही, त्याचं काय करायचं ते कळेना. मी गाडीला किक मारली.

सोमवारी शिरड शहापूरच्या मिस्त्रींनी गाडी उघडली. प्लग पांढरा पडला होता, व्हॉल्व्ह जळला होता. त्यांनी पितळी चकती हातात घेऊन उजेडात धरली.

"मास्तर, ये बिमारी कुठून आणली?"

"काढून टाका," हे म्हणाले.

"राहू द्या," मी म्हणाले. "दीड फेऱ्यावर ती बराबर चालती."

मिस्त्रींनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, चकती परत बसवली, दीड फेरा उघडला आणि डोकं हलवून म्हणाले, "कान तो बाईका सही है." दीड फेऱ्यावर आम्ही पुन्हा एकदा बाटली लावून मोजलं. यंत्राशिवाय गाडी जितकी गेली होती, बरोबर तितकीच गेली. ह्यांनी तो आकडा बघितला आणि बाटली माझ्याकडं दिली. स्क्रूड्रायव्हरही दिला.

त्यानंतर लांबच्या तांड्यांवर मीच गाडी घेऊन जायला लागले. थांबायलाही शिकले. पहिले काही महिने रस्त्यानं लोक बाजूला व्हायचे, त्यात आदर किती आणि भीती किती ते सांगता येत नाही. हे शाळेवर कुणाच्या तरी सायकलवर जायचे, मग स्वतःची सायकल घेतली.

कानाचं करायला त्यांना आणखी चार वर्षं लागली. नांदेडला डॉक्टरांनी तपासून कानामागं लावायचं मशीन दिलं. पहिल्या दिवशी हे घरात सगळं ऐकत फिरले. पंखा ऐकला, रॉकेलचा स्टोव्ह ऐकला, माझ्या बांगड्या ऐकल्या. लाल गाडी चालू करून डावा कान तिच्याकडं करून उभे राहिले आणि म्हणाले, "ही एवढा आवाज करते व्हय?" दुपारी मी जरा आडवी झाले. उठले तर हे खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले होते.

"तू घोरती," ते म्हणाले.

लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकराही वर्षं हे उजवा कान उशीत दाबून झोपत आले होते. मी म्हणाले, शक्य न्हाई. ते म्हणाले, मी आत्ता पूर्ण ऐकलं. मग मी चहा ठेवायला गेले आणि ते मागून स्वयंपाकघरात आले, आधण उकळताना कसं वाजतं ते ऐकायला.